चार आणि पाचच्या मधली रेघ

रेघ चार आणि पाचच्या खुणांच्या मध्ये होती. केसाएवढी बारीक, जराशी वाकडी, तबकडीवरच्या लाटांना आडवी छेदत जाणारी. मी डोळ्याचं भिंग काढलं, पुसलं, परत लावलं. रेघ होतीच. बुधवारची दुपार होती आणि माझ्या तळहातांना घाम सुटला.

घड्याळजीच्या हाताला घाम येणं बरं नाही. मी उठले, हात धुऊन आले, बोटांच्या टोकांवरच्या रबरी टोप्या बदलल्या आणि पुन्हा बसले. तोपर्यंत रेघ गेली असेल अशी वेडी आशा होती. तशी ती जात नसते.

मी अंधेरी ईस्टला एका सर्व्हिस सेंटरमध्ये टेक्निशियन आहे. भारी घड्याळं ज्या टेबलावर उघडतात त्याला आमच्याकडे प्रीमियम बेंच म्हणतात. तिथे पोचायला मला अकरा वर्षं लागली. त्यातली बहुतेक पुढच्या काउंटरवर बॅटऱ्या आणि पट्टे बदलण्यात गेली. ट्रेनिंग झालं, परीक्षा झाली, आणि बेंचवर बसून मला जेमतेम आठ महिने झाले होते.

घड्याळ जपानी होतं. तिकडचे डिझायनर डायलवर, म्हणजे तबकडीवर, निसर्ग उतरवतात. कुणी बर्फ घेतो, कुणी झाडाची साल. या डायलवर तळं होतं. समोरून बघितलं तर साधी राखाडी-निळी तबकडी. मनगट जरा कलतं केलं की तिच्यावर बारीक लाटा उठायच्या. ही नक्षी साच्याने धातूवर दाबतात, मग तिच्यावर रंगाचे आणि लॅकरचे, म्हणजे चकचकीत रोगणाचे, पातळ थर चढवतात. ऐकायला सोपं वाटतं. पण एकदा वरचा थर बिघडला की तो दुरुस्त होत नाही, पूर्ण डायलच बदलावी लागते. हे मॉडेल मोजकंच निघालेलं, आमच्या सेंटरमध्ये आलेलं हे पहिलंच.

घड्याळाचे मालक परब साहेब. दहिसरला राहणारे, मर्चंट नेव्हीतून चीफ इंजिनिअर म्हणून रिटायर झालेले. वडील गिरणी कामगार, गाव मालवणच्या बाजूला, हे सगळं त्यांनी घड्याळ देताना पाच मिनिटांत सांगून टाकलं होतं. शेवटच्या सफरीत जपानच्या एका बंदरात त्यांनी हे स्वतःसाठी घेतलं होतं. तक्रार एवढीच की तारीख अडकते. रविवारी बोरिवलीला मुलीचं लग्न. त्यांना घड्याळ शुक्रवारी हवं होतं.

तारखेचं चाक डायलच्या खाली असतं. तिथे पोचायला आधी काटे काढायचे, मग डायल. काटे काढायला दोन बारीक पट्ट्या वापरतात, आणि त्या घसरून ओरखडा पडू नये म्हणून डायलवर आधी प्लास्टिकचा पातळ कागद ठेवतात. मी ठेवला होता. ठेवला होता ना? हजार वेळा केलेल्या कामाचं असंच असतं, हात करून मोकळा होतो आणि डोक्यात नोंद राहत नाही. ट्रेमध्ये प्लास्टिकचा एक कागद पडलेला होता, पण तो सकाळच्या दुसऱ्या घड्याळाचाही असू शकत होता.

घड्याळ घेताना आम्ही फोटो काढतो. मी ते उघडून बघितले. लाइट समोरून मारलेला, त्यामुळे लाटाच दिसत नव्हत्या, तर रेघ कुठून दिसणार. तिरप्या उजेडात एक फोटो काढायला हवा होता. तो मी काढला नव्हता.

आता पुढे मी जे केलं ते का केलं, हे सांगायला हवं. माझ्या बाबांची कांदिवलीला घड्याळ दुरुस्तीची टपरी होती. शाळा सुटली की मी तिथेच. टपरीवर यायची ती जुनी, घामाने काळी पडलेली घड्याळं. त्यांच्या डायलवर जे काही जास्तीचं दिसे ती घाणच असे, आणि घाण दिसली की काढायची. हे माझ्या हातात इतकं मुरलंय की ट्रेनिंगमध्ये दहा वेळा उलट शिकवूनही गेलं नाही. ही रेघ माझा ओरखडा नसेलच कदाचित, एखादा तंतू चिकटला असेल, असं मी मनाला समजावलं. तंतू असेल तर निघेल.

आधी हवेचा फुगा दाबून फुंकर मारली. काही हललं नाही. मग हिरवी पुट्टी हलकेच टेकवली, ती धूळ उचलते. तरी नाही. इथे थांबायला हवं होतं. मी मऊ लाकडाची काडी घेतली, टोक तासलं, क्लीनरच्या थेंबात बुडवून झटकलं आणि रेघेवरून अलगद फिरवलं. एकदाच.

भिंगातून बघितलं. रेघ जशीच्या तशी होती. आणि तिच्या शेजारी, लॅकरवर, राजगिऱ्याच्या दाण्याहून लहान असा एक निस्तेज ठिपका पडला होता.

वाट लागली, एवढंच मी मनात म्हणत राहिले. डायल झाकणाखाली ठेवली, जिन्यात जाऊन उभी राहिले. अकरा वर्षं डोळ्यांपुढे आली. ठिपका नुसत्या डोळ्यांना दिसत नव्हता. लाटांमध्ये तो लपून गेला असता. घड्याळ बंद करून दिलं असतं तर कुणाला कळलंही नसतं, हा विचार माझ्या मनात आला. आला नाही असं म्हटलं तर ते खोटं होईल. पाच मिनिटांनी मी राणे सरांच्या केबिनमध्ये गेले.

राणे सर आमचे सर्व्हिस मॅनेजर. त्यांनी भिंग लावलं आणि डायल उजेडात तिरपी करून बघितली.

"यातलं तुझं काय?" त्यांनी विचारलं.

"ठिपका माझा, काडी फिरवताना पडला. रेघ माझी आहे का, माहीत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे आठवत नाही, सर."

"कमाल आहे यार सविता. पहिलंच पीस, आणि तू काडी घालतेस?"

त्यांनी जपानला मेल टाकली. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: डायल स्टॉकमध्ये नाही, बनवून पाठवू, तीनेक महिने धरा. लग्न तीन दिवसांवर.

त्या रात्री मला झोप नव्हतीच, गुरुवारचा डबाही तसाच परत नेला होता. तारखेचं काम मी गुरुवारीच पुरं केलं होतं. ते चोख झालं होतं, पण त्याचा आनंद कोणाला होता. सरांनी ठरवलं की बोलणं ते करतील. "रेघ, ठिपका असं सुटं सुटं सांगायचं नाही. डायलवर मार्क आढळला, नवीन डायल मागवली, एवढंच. तू बाजूला बस आणि गप्प राहा."

परब साहेब शुक्रवारी अकराला आले. इस्त्रीचा शर्ट, हातात लग्नपत्रिकांची पिशवी. आम्हा दोघांना एकेक पत्रिका दिली. मी ती दोन्ही हातांनी घेतली आणि कुठे ठेवू ते मला कळेना.

सर म्हणाले, "साहेब, तारखेचं काम झकास झालंय. फक्त एक गोष्ट. डायलवर चार-पाचच्या मध्ये एक बारीक मार्क..."

"हां, ती रेघ." परब साहेब हसले. "ती आसाच."

"आहे म्हणजे?"

"अहो, पहिल्यापासूनच आहे. ती बघूनच तर घेतलं." त्यांनी घड्याळ उचलून ट्यूबलाइटखाली तिरपं धरलं. "पाणी शांत असलं आणि वाऱ्याची एकच झुळूक आली ना, की अशी रेघ पळत जाते पाण्यावरून. आमच्या गावच्या खाडीत लहानपणी बघत बसायचो. दुकानातल्या त्या जपानी बाईने चार घड्याळं काढून दाखवली, चारही डायलवर ही रेघ त्याच जागी. म्हटलं, बनवणाऱ्याने पाणी नीट बघितलंय."

म्हणजे रेघ साच्यातच होती. ओरखडा नाही, तंतू नाही. कुणीतरी मुद्दाम, विचार करून कोरलेली. आणि मी ती घाण समजून काढायला गेले होते.

सरांचे खांदे खाली आले. त्यांनी बिलाचा कागद पुढे सरकवला, पेन दिलं. परब साहेबांनी चष्मा लावला. टेबलाखाली सरांनी पायाने माझी खुर्ची जराशी ढकलली, म्हणजे आता संपलं. खरंच संपलं होतं. परब साहेबांना जे सांगायचं ठरलं होतं त्याचं उत्तर त्यांनीच देऊन टाकलं होतं. मला इतकं हलकं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं, आणि लगेच त्याची लाजही वाटली.

"सर, एक मिनिट," मी म्हटलं. ते परब साहेबांना होतं. "रेघ तुमची आहे. तिच्या बाजूला एक ठिपका आहे, तो माझा आहे. रेघ म्हणजे डाग असेल असं वाटून मी ती काडीने काढायला गेले. त्यात लॅकर उडालं."

पेन थांबलं. राणे सरांनी छताकडे बघितलं.

मी भिंग पुढे केलं. परब साहेबांनी ते डोळ्याला लावलं, घड्याळ फिरवत बघितलं, परत फिरवलं. त्यांना ठिपका दिसला तो क्षण मला कळला, कारण त्यांचा चेहरा पडला. ओरडले असते तर सोपं गेलं असतं.

"मला फोन का नाही केलात?" ते म्हणाले.

"सर, नवीन डायल आम्ही..." राणे सर सुरू झाले.

"तुम्ही थांबा. मी यांना विचारतोय. मॅडम, काय आहे ते कळलं नव्हतं ना तुम्हाला? मग माझा नंबर होता. एक फोन. इंजिनरूममध्ये न कळलेल्या पार्टला कुणी हात लावला असता तर त्याला मी पुढच्या बंदरात उतरवला असता."

फोन करायचं मला खरंच सुचलं नव्हतं. गिऱ्हाइकाला घड्याळातलं काय कळतं, हे आम्ही सगळेच इतकं गृहीत धरून चालतो.

त्यांनी घड्याळ मनगटावर चढवलं. "लग्नात हेच घालणार. डायल आली की कळवा," म्हणाले. माझ्याकडे न बघता गेले. पत्रिका माझ्या हातातच होती. लग्नाला मी गेले नाही, कुठल्या तोंडाने जाणार.

दार बंद झाल्यावर राणे सर म्हणाले, "गप्प बसता आलं असतं गं."

"नसतं आलं."

"ते दिसलंच. रिपोर्ट मला करावाच लागेल."

रिपोर्ट गेला. सोमवारपासून मी पुन्हा पुढच्या काउंटरवर. बॅटऱ्या, पट्टे, पट्ट्यांच्या पिना. बेंच काढून घेणार की परत देणार, हे कुणी सांगत नव्हतं. रोज सकाळी जिना चढताना तीच धाकधूक. माझ्या जागी बसलेला मुलगा चांगला होता, म्हणून त्याचा रागही धड येत नव्हता.

तीन महिन्यांनी डायल आली. राणे सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. परब साहेब तिथे बसले होते.

"हे म्हणतात, डायल तूच बसवायची," सर म्हणाले.

मी परब साहेबांकडे बघितलं. ते म्हणाले, "दुसऱ्या कुणाला दिलं तर तो रेघ बघून परत काडी घालील. तुम्ही आता जन्मात घालणार नाही."

दीड तास लागला. प्लास्टिकचा कागद ठेवला तेव्हा मी मोठ्याने म्हटलं, "कागद ठेवला." शेजारचा मुलगा हसला, हसू दे. परब साहेबांनी घड्याळ तिरपं धरून दोन मिनिटं न्याहाळलं.

"हात नाही ना लावलात रेघेला?"

"नाही, सर."

"द्या मग गो बाय." त्यांनी सही केली.

बेंच मला परत मिळाला. डायलवर जे कळत नाही त्याला मी आता हात लावत नाही, आधी मालकाला फोन करते. फोन करायला एक मिनिट लागतं. हे शिकायला मला तीन महिने आणि अंदाजे सातशे बॅटऱ्या लागल्या.