बाबल्याची खाट

वर्षभर माझ्यावर कोणी विश्वास ठेवला नाही, हे आधीच सांगून टाकते. आमच्या मेडिकल कॉलेजात मी अटेंडंट आहे. शिक्षण चौथी. पण स्किल लॅबची चावी माझ्या कमरेला असते, आणि चावी जिच्याकडे तिच्याकडे किस्से आपोआप साठतात. मग ते सांगायचे नाहीत तर काय लोणचं घालायचं?

स्किल लॅब म्हणजे मुलं रबरी पुतळ्याची छाती दाबून शिकतात ती खोली. पुतळा खाटेवर, अंगावर चादर. मुलांनी त्याचं नाव ठेवलं बाबलो. उकाड्यानं रबर खराब होतं म्हणून त्याला एसी. डीनसाहेबांच्या केबिनला मात्र पंखा.

*

डीनसाहेब घाटावरून बदली होऊन आले. शुद्ध शाकाहारी. पहिल्याच मीटिंगमध्ये म्हणाले, "दुपारी इथली दुकानं बंद होतात असं ऐकलंय. कॉलेज बंद होणार नाही. कोणी झोपलेलं दिसलं तर मेमो."

भूल देणारे डॉ. सावंत आमच्याच गावचे. ते मागच्या खुर्चीत होते. शेजारच्यानं कोपर मारल्यावर दचकून उठले आणि एकटेच टाळ्या वाजवायला लागले.

*

नव्या बॅचला पांढरे कोट द्यायचा कार्यक्रम झाला. आईबाप कॉलेज बघत फिरत होते. दोडामार्गचे एक केळीवाले बाबा बाबल्यासमोर थबकले.

"ह्येका काय झाला गो बाय?"

"काय नाय. ह्यो कायमचो ॲडमिट."

बाबांचा जीव कळवळला. त्यांनी उशाशी दोन केळी ठेवली. जेवणाच्या सुट्टीत मी दारातलं कुलूप, आतूनही लागतं ते, लावून गेले. परत येऊन बघते तर बाबलो खुर्चीत, चादर चुरगळलेली, आणि सालं बादलीत. नीट घडी घालून.

*

मी सरळ डीनसाहेबांसमोर उभी राहिले. "साहेब, बाबल्याच्या खाटेवर दुपारी कोणीतरी झोपतं."

"कुलूप होतं ना, मावशी?"

"होतं."

"चाव्या दोन. एक तुमच्याकडे, एक माझ्या ड्रॉवरमध्ये. मग झोपलं कोण, बाबलो?"

केबिनमधले सगळे हसले. तो ड्रॉवर कायम उघडा असतो आणि डॉ. सावंत त्यात सुपारी ठेवतात, हे मी बोलणार होते. पण साहेबच म्हणाले, "नाव सांगा. नाहीतर लॅबची चावी ऑफिसात जमा करा."

चौथी शिकलेल्या बाईच्या हातात कोणी अशी खोली देत नाही. माझ्या हातात दिली होती. म्हटलं, "नाव देतंय तुमका. थांबा जरा."

*

मग आमच्या नव्या प्रसूती वॉर्डात पहिलं बाळंतपण झालं. मुलगी झाली. तारकर्लीचा आजोबा डीनसाहेबांच्या टेबलावर सुरमई घेऊन हजर.

साहेब मागे सरकले. "अहो, पेढे आणायचे."

"पेढे कोण पण हाडता, सायब."

कॅन्टीनमध्ये त्या सुरमईची तिरफळं घालून कढी झाली. मान राखायचा म्हणून साहेबांनी दोन चमचे भातावर घेतली. पुढच्या आठवड्यात वाटी घेतली. मग वाटीत चुकून तुकडा आला. मग चुकून तुकडा आला नाही तर चौकशी व्हायला लागली.

*

त्याच सुमारास बाबल्याच्या उशीला तिरफळांचा वास यायला लागला. मी ती उशी उचलली आणि डॉ. सावंतांच्या नाकाला लावली.

"तुमीच ना हो?"

"मी कशाक गो? माका ऑपरेशन थेटरात स्टूल आसा. मी बसान झोपतंय."

एवढं खरं बोलणाऱ्या माणसाला काय म्हणणार? तरी माझा संशय गेला नाही.

*

शेवटचा किस्सा कॉलेजच्या सरकारी तपासणीचा. पुढच्या बॅचची परवानगी मिळाली, ते आधीच सांगते, उगाच जीव टांगणीला नको. चावीचं मात्र त्या दिवशी दुपारपर्यंत नक्की नव्हतं. नाव दिलं नाही तर ती संध्याकाळी जमा करायचा हुकूम होता.

तपासणीवाले न कळवता आले, तेही बरोबर जेवणानंतर. डीनसाहेबांचा फोन वाजतोय, उचलत कोणी नाही. शेवटी डॉ. सावंतच त्यांना घेऊन फिरले. ते जागे होते आणि माझ्या शेजारी उभे होते, तेव्हाच माझा त्यांच्यावरचा संशय डळमळला.

मी लॅब उघडली. आत गारेगार. बाबलो खुर्चीत, भिंतीकडे तोंड करून. खाटेवर डोक्यापर्यंत चादर.

मोठे तपासणीवाले कौतुकानं म्हणाले, "वा, पुतळा चांगला दिसतोय." बाह्या वर केल्या, दोन्ही हात छातीवर ठेवले आणि दाबलं.

चादरीखालून आवाज आला, "पाचच मिनिटं."

तपासणीवाल्यांचे हात तसेच हवेत राहिले. डॉ. सावंत छताकडे बघायला लागले. चावी माझ्या हातात, म्हणून मोठ्या तपासणीवाल्यांनी मलाच विचारलं, "मावशी, हे कोण?"

वर्षभर सगळे माझ्याकडे नावच तर मागत होते. मी चादर गळ्यापर्यंत खाली केली, नीट खोचली आणि स्वच्छ आवाजात सांगितलं, "आमचे डीनसाहेब. डॉक्टर पद्माकर बिडवे."