मुरुगेसन अण्णांची नऊ पावलं

मंडळी, महापालिकेनं जुन्या कामगारांना जादा वेतन द्यायला मुळीच नको, असं काल मीच या ग्रुपवर तावातावानं लिहिलं होतं. खुर्ची उबवल्याचे पैसे कशाला, असंही विचारलं होतं. आज सकाळी तोंडावर पडलो.

आमच्या कुंभकोणमच्या गल्लीत तीन दिवस नळाला पाणी नव्हतं. नवा डांबरी रस्ता केला, त्याखाली पाण्याचा व्हॉल्व्ह गाडला गेला. कंत्राटदाराच्या माणसांनी नकाशा बघून दोन ठिकाणी खणलं. नुसती माती निघाली.

मग महापालिकेचे मुरुगेसन अण्णा सायकलवरून आले. सत्तावीस वर्षं तेच आम्हाला पाणी सोडतात. देवळाचा रथ वळतो त्या कोपऱ्यावरच्या दगडाला त्यांनी टाच लावली आणि नऊ पावलं मोजली.

"इथं खणा."

हातभर खाली व्हॉल्व्ह सापडला!

मी त्यांना कॉफी दिली आणि विचारलं, "अण्णा, इतक्या वर्षांच्या अनुभवाचं वेगळं काही मिळतं का?"

ते हसले. "मिळतं की, राव सार. सुट्टीच्या दिवशीही मलाच बोलावतात. पुढच्या महिन्यात निवृत्त होतोय. तो दगड तेवढा लक्षात ठेवा."

कालची पोस्ट मी काढणार नाही, राहू दे तशीच. जादा वेतन किती आणि कसं द्यावं, यावर खुशाल भांडा. पण खुर्चीचं कुणी बोलू नका. अण्णांना ती कधी मिळालीच नाही. आज कॉफीसुद्धा ते उभ्यानंच प्यायले, आणि मलाही 'बसा' म्हणायचं सुचलं नाही.