निळा मांडव
शेजाऱ्यानं काल लाकडांवर निळी ताडपत्री ओढली आणि तापलेल्या प्लॅस्टिकचा तो वास नाकात शिरताच मला माझं लग्न आठवलं. रामनगरजवळच्या आमच्या शेतात, भात कापून झालेल्या कडक जमिनीवर, अशाच ताडपत्रीचा मांडव घातला होता. फोटो काढायला नवऱ्याचा मावसभाऊ. कॅमेरा नवा, ऐट जुनी. "भावजी, आदल्या दिवशी दुपारी येऊन मांडवातला उजेड बघून जावा," मी फोनवर सांगितलं होतं. तो हसला. "वैनी, एवढा भारी कॅमेरा हाय, उजेड त्यो बघतोय की!" अक्षता पडायची वेळ झाली तेव्हा साहेब उगवले, तेही काळा गॉगल लावून. तो गॉगल शेवटपर्यंत उतरला नाही, मग ताडपत्रीतून झिरपणारा निळा उजेड दिसणार कुठून? आधी येऊन बोलला असता तर बाबांनी ताडपत्री काढून पांढरं कापड बांधलं असतं. अल्बम आला तर माझी हळद, आईचं लुगडं, भटजींचं टक्कल, सगळं निळं. "आर्ट हाय वैनी," म्हणे! आजही अल्बम उघडला की अख्खं वऱ्हाड बुडून मेल्यासारखं दिसतं. त्यात लख्ख असा एकच चेहरा आहे, त्याचा स्वतःचा, मांडवाबाहेर उन्हात उभं राहून काढलेला.