अण्णा पाणी कुठे प्यायले?

हे लिहावं की नको, यातच सहा महिने गेले. मी नगरला माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. असलं काही कुणी सांगायला लागलं की मी हसून विषय बदलायचे... म्हणून जे घडलं तेवढंच लिहितेय, पदरचं काही नाही.

माझे वडील, अण्णा. काष्टीला आमची शेती. लिव्हरमध्ये गाठ निघाली म्हणून नगरच्याच एका हॉस्पिटलमध्ये त्यांचं ऑपरेशन झालं. लिव्हरचा निम्म्याहून जास्त भाग काढावा लागला. ऑपरेशन नीट पार पडलं, पण दुसऱ्या दिवसापासून लघवी कमी होत गेली आणि तिसऱ्या दिवशी बॅग जवळजवळ कोरडीच. पायांवर सूज, किडनीचं काम दाखवणारं रक्तातलं क्रिएटिनिन रोज वर. डॉक्टरांनी शांतपणे समजावलं – एवढ्या मोठ्या ऑपरेशननंतर कधी कधी किडन्यांना धक्का बसतो, बऱ्याचदा त्या सावरतात, पण तोवर अंगात पाणी साठू द्यायचं नाही. म्हणजे पाणी मोजून, चमच्याने.

अण्णा पूर्ण शुद्धीत होते. मी आत गेले की एकच... "घोटभर पानी दे गं पोरी." मी ओल्या कापसाने त्यांचे ओठ पुसायचे. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं आणि माझ्याशी बोलायचं बंद केलं.

चौथ्या दिवशी सकाळी मानेत नळी घालून डायलिसिस सुरू झालं. मला दारातून एकदा बघू दिलं, मग बाहेर बसवलं. आई गावी होती, नळीचं तिलाही सांगितलं नव्हतं. सव्वाअकराच्या सुमाराला फोन वाजला. तात्या होते, अण्णांचे धाकटे भाऊ. माझ्या लग्नात मानपानावरून दोघांचं बिनसलं, त्याला नऊ वर्षं झाली. तेव्हापासून एका गावात राहून बोलणं नाही. ऑपरेशनचं त्यांच्या कानावर गेलं असेलही, पण त्यांचा फोन कधी आला नव्हता.

तात्या थेट म्हणाले, "दादा आत्ता हितं आल्ता."

मला वाटलं, माझ्या ऐकण्यात चूक झाली. ते सांगत राहिले. लिंबाच्या बागेला पाणी देत होते, मागे वळले तर बांधावर अण्णा बसलेले. अंगात हॉस्पिटलचा झगा, मानेला उजवीकडे पट्टी, तिच्यातून दोन नळ्या लोंबत होत्या – एकीवर लाल चाप, एकीवर निळा. अण्णांनी पाणी मागितलं. तात्यांनी कळशीतून तांब्या भरून दिला. त्यांनी तो संपवला, आणखी एक घेतला. तात्या तांब्या ठेवायला वाकले, वर बघतात तर बांधावर कुणी नाही.

"जायच्या आदी म्हनला," तात्या पुढे म्हणाले, "पोरीवर माझा राग न्हाई. तिला देता येत न्हाई."

मी जिन्यात जाऊन बसले आणि खूप रडले.

दुपारी आत सोडलं. अण्णांनी पाणी मागितलं नाही. सिस्टर म्हणाल्या, मशीनवर असताना त्यांना गाढ झोप लागली होती, उठल्यापासून तहान नाही म्हणतात.

संध्याकाळच्या एसटीने तात्या आले. भेटायच्या वेळेत ते अण्णांच्या पायांवर हात ठेवून उभे होते. पुढे आणखी तीन वेळा डायलिसिस झालं. दहाव्या दिवशी लघवी सुरू झाली, हळूहळू वाढली आणि मानेतली नळी निघाली.

किडन्या कशा सावरल्या ते डॉक्टरांनी सांगितलं, ते मला पटतं. डायलिसिसने तहान कमी वाटली असेल, तेही मान्य. तात्यांना भास झाला असंही म्हणेन... पण मग चापांचे रंग? दारातून मी पाहिले तेही तसेच होते, एक लाल, एक निळा. मी फोटो काढला नव्हता, कुणाला काही बोलले नव्हते. तात्यांनी आयुष्यात डायलिसिस पाहिलेलं नाही. त्यांना कुणी काही सांगितलं होतं का, हे एकेका नातेवाइकाला विचारून झालं. उत्तर मिळालं नाही, आणि आता मी शोधणंही सोडलंय.

अण्णांना यातलं काही आठवत नाही, आम्हीही सांगितलेलं नाही. त्यांची समजूत आहे की तात्यांना मीच फोन करून बोलावलं. परवा तपासणीला जाताना रिक्षात म्हणाले, "तू त्याला बोलावलंस, लई चांगलं केलंस."

मी हो म्हणाले. नाही म्हटलं असतं, तर पुढे काय सांगणार होते?