भोक न पाडलेलं पिंप

घरचे मला पापभीरू म्हणतात. तसं काही नाही. एका पिंपाचं ओझं मनावर आहे, म्हणून तसा दिसतो.

साठच्या दशकात, आज जिथे नवी मुंबई आहे तिथे, खाडीकाठच्या एका रंगाच्या कारखान्यात मी नवा केमिस्ट होतो. आमचे मॅनेजर कचऱ्याच्या बाबतीत सोवळं पाळल्यासारखे कडक. रंगाचं रिकामं पिंप गरम पाण्याने तीनदा धुवायचं, ते पाणी रंगाच्या पुढच्या घाण्यात, म्हणजे पुढच्या खेपेत, वापरायचं, खाडीत थेंब जाऊ द्यायचा नाही. आणि पिंप फाटकाबाहेर जाण्याआधी बुडाला भोक पाडायचं, म्हणजे कुणी त्यात पाणी भरणार नाही. ही देखरेख माझ्याकडे होती.

आमच्या खात्यात जवळच्या गावचे एक आगरी काका होते. एक दिवस म्हणाले, "सायेब, पोऱ्याची हलद हाय. एक पिंप द्या."

"देतो. भोक पाडून."

"भोकाचा पिंप घेऊन काय करू? पानी काय तुमचे टोपीत भरू?"

सगळे हसले. मला उदार दिसायचं होतं. गरम पाणी तयार नव्हतं, म्हणून मी पिंप गार पाण्याने एकदाच विसळलं. पाणी नितळ निघालं. "अगदी स्वच्छ," असं म्हणून, भोक न पाडता, देऊन टाकलं.

लग्नाच्या सकाळी मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. बायका गाणी म्हणत नवऱ्याची हळद उतरवत होत्या. त्याच पिंपातलं कढत पाणी तांब्यातांब्याने ओतलं जात होतं. गार पाण्याला जो रंग सुटला नव्हता, तो पिंपाच्या कडेच्या दुमडीतून आता सुटला. पहिल्या तांब्याला पिवळा नवरा मातकट झाला. तिसऱ्याला जांभळा. गाणं मध्येच थांबलं.

"दुकानवाल्यान खोटी हलद दिली!" काका ओरडले.

मी मान डोलावली. होय, डोलावली. दुकानदार तिथे नव्हता, त्यामुळे सोपं गेलं.

राख झाली, चिंच झाली, खोबरेल झालं. नवरा फक्त जास्त चकाकू लागला. भरतीच्या वेळेला होडीने नवरीच्या गावी निघायचं होतं. "आसा पोऱ्या बघून सोयरे परत धाडतील," म्हणून नवऱ्याची आत्या कपाळ धरून बसली. नवरा माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "सायेब, खराच धाडतील?"

तेव्हा मात्र मला राहवेना. "काका, हळदीचा दोष नाही. पिंप मी नीट धुतलंच नव्हतं."

काकांनी माझं मनगट धरलं. "चला होडीत. ह्या तुमीच सांगायचा." आणि उरलेल्या पाण्यासकट पिंपही होडीत चढवलं.

नवरीचे वडील धक्क्यावरच उभे होते. "काय रोग हाय ह्याला?"

"रोग नाही, रंग आहे. आठवड्यात जाईल," मी म्हणालो.

"कशावरून?"

काकांनी पिंपाकडे बोट केलं. "सायेब, हात घाला."

मी बाह्यासुद्धा न सारता कोपरापर्यंत हात बुडवले. बाहेर काढले तशी नवरीची आजी खिदळली, "आता नवरे दोन झाले! पोरीनं माल कुनाला घालायची?" अख्खा धक्का हसला. नवरीचे वडील हसले नाहीत, पण बाजूला सरकले, आणि वऱ्हाड गावात शिरलं.

लग्न लागल्यावर कुणीतरी पिंप खाडीत ओतायला उचललं. "खाडीत नको!" मी इतक्या जोरात ओरडलो की वाजंत्री थांबली. त्यामुळे परतीच्या होडीत नवरीच्या एका बाजूला जांभळा नवरा होता आणि दुसऱ्या बाजूला ते पिंप.

दुसऱ्या दिवशी काकांनी पिंप कारखान्यात आणलं. मॅनेजरांनी माझे हात पाहिले, माझं सगळं ऐकून घेतलं आणि छिन्नी-हातोडा पुढे केला. ते पाणी मी घाण्यासाठी काढून ठेवलं, पिंप गरम पाण्याने तीनदा धुतलं, भोक पाडलं. काका शेजारी उभे राहून बघत होते.

"आजून एक पाडा सायेब," ते म्हणाले. "सुनेनं सांगितलाय."