सुतकातला युरिया

बाबा गेले तेव्हा शेतातले धान गुडघ्याएवढे होते. सेंद्रिय प्रमाणपत्रासाठी लागणारा दोन वर्षांचा रूपांतरकाळ त्यांनी पुरा केला होता. तपासणी नीट पार पडली तर याच पिकाला प्रमाणपत्र मिळणार होतं. मी साकोलीच्या शाळेत शिकवते. राष्ट्रीय मानकांची पुस्तिका मला पाठ होती, शेत नव्हतं.

सुतकात दहा दिवस आमच्या घरचं कोणी शेतात पाय ठेवत नाही, शेजारीच पाहतात. आमचं शेत बोडीच्या तळ्यापलीकडच्या काकाजींनी पाहिलं. सुतक फिटल्यावर मी गेले, तर उतारावरच्या तुकड्यांतली सगळ्यांत खालची बांधी गडद हिरवी आणि बाकीच्या फिक्या.

“काकाजी, इथे काही टाकलं का?”

“युरिया. थोडासाच. धान पिवळे पडून रायले होते. तुया बापाचे धान उपाशी ठेवू काय?”

“बाबांनी दोन वर्षं तोच तर बंद केला होता.”

“मले वाटे, कंजूसपणा करून रायला.” मग ते हळूच म्हणाले, “तपासणीवाल्या मॅडमले सांगू नको. त्याची मेहनत जाईल.”

बाबांच्या शेतडायरीत शेणखत, निंदण, दशपर्णी अर्काची फवारणी, सगळं तारखेनिशी होतं. त्यांच्या शेवटच्या नोंदीखाली बराच वेळ माझं पेन टेकेना. शेवटी लिहिलं: खालच्या बांधीत शेजाऱ्यांनी युरिया टाकला. आम्ही सुतकात होतो.

तपासणीच्या दिवशी मॅडमनी ते दोनदा वाचलं. मग नकाशा घेऊन बांध्यांमधले सगळे धुरे फिरल्या.

“या बांधीतलं पाणी कुठे जातं?”

“थेट बोडीत,” काकाजी म्हणाले. “वर चढत नाही, मॅडम. आणि युरिया मीच टाकलो. पोरीची चूक नाही.”

मॅडम हसल्या. “या बांधीचा रूपांतरकाळ पुन्हा पहिल्यापासून. तिचं धान वेगळं कापा, वेगळं ठेवा. बाकीच्यांची शिफारस करते.”

प्रमाणपत्र आलं, ते बाबांच्या डायरीतच ठेवलं. खालची बांधी काकाजींनी आपणहून अंगावर घेतली. नाकाला दुपट्टा बांधून ते शेण-गोमूत्राच्या जीवामृताच्या बादल्या वाहत आणि बाबांना मनसोक्त शिव्या देत.

काम झालं की हात धुऊन आमच्या ओसरीवर येत.

“डायरी काढ. लिही, जीवामृत मी टाकलो. तुया बापाच्या खालीच लिही.”