तेल लागलं का?

समुद्राकाठी जमिनीखालचं तेल शोधणारा नागपुरातला पहिला माणूस मीच! म्हणजे, शोधायचे साहेब. मी त्यांची जीप हाकायचो. पण चार नागपूरकर एका तंबूत कोंबा, वर एक साहेब बसवा, की किस्से गुळावरच्या मुंगळ्यांसारखे जमतात. एक झटकला की दुसरा चढतो!

जागा ओरिसाच्या किनाऱ्यावरची. तिथं तोवर कोणी फारसं शोधलं नव्हतं. आमच्यात सगळ्यात मोठा घोर नामदेवला. तो रोजंदारीवर. त्याचे होणारे सासरे गणपतराव सीताबर्डीत शिलाई मशिनी दुरुस्त करायचे. त्यांनी बजावलं होतं, "तेल लागलं तर नोकरी पक्की. नोकरी पक्की, तर शांता तुही!"

*

आमचं काम असं: सुरुंग उडवायचा आणि जमिनीत रोवलेल्या वायरींच्या खुंट्यांनी त्याचा हादरा टिपायचा. त्या वेळी कोणी हलायचं नाही. एकदा कागदावर मधेच बारीक थरथर उमटली. साहेब हरखले. "खाली काहीतरी वेगळंच आहे!"

मी मागं वळून पाहिलं. नामदेव काळजीनं येरझारा घालत होता.

"साहेब, खाली नाही, वर हाये. त्याचं लग्न अडून राहिलं!"

*

साहेब धड हो म्हणत नसत, धड नाही म्हणत नसत. तेलाचं विचारलं की एकच उत्तर, "शक्यता आहे." नामदेव तेवढ्यावर आठवडा काढायचा.

एका दुपारी साहेब भुकेनं कासावीस होऊन आले. "बापूराव, जेवण झालं का?"

आमचा आचारी बापूराव ओली लाकडं फुंकत होता. म्हणाला, "शक्यता हाये!"

*

सुट्टीत शांताच्या घरी जायची नामदेवला धास्ती. "भाऊ, मामाजी विचारतीन ना गा! काय सांगू?"

म्हटलं, "तू बोलूच नको. शर्टच बोलीन!" आणि त्याच्या शर्टावर मस्त घासलेट शिंपडलं.

गणपतरावांनी वास घेतला. डोळे चमकले. "लागलं वाटते!"

तेवढ्यात शांताची आई आतून आली. "काहून गा नामदेव, रेशनच्या लायनीत कोणी डबा सांडवला काय अंगावर?"

*

मग मशीन आलं, खोल भोक पाडणं सुरू झालं. नामदेव जेवण सोडून भोकापाशीच बसायचा. आणि निघालं काय? खारं पाणी.

"ते तर पलीकडं फुकटच होतं!" बापूराव म्हणाला. तंबू उतरले, रोजंदारीवाल्यांना सुट्टी मिळाली. कायमची.

*

नागपुरात उतरल्यावर नामदेव म्हणाला, "भाऊ, सोबत चाल. माह्यानं बोलवत नाही."

गेलो. शांताच्या मोठ्या बहिणीनं चहा आणला. शांता दाराशी उभी. गणपतरावांनी थेट विचारलं, "लागलं काय?"

मी नेहमीसारखी सुरुवात केली, "गणपतराव, लागल्यातच जमा समजा..."

"नाही लागलं," नामदेव मधेच बोलला. "नोकरीबी गेली."

गणपतरावांनी कप खाली ठेवला. "मंग पोरगी कशाच्या भरवशावर देऊ गा?"

शांता दारातून पुढं आली.

"बाबा, ताईच्या नवऱ्याची नोकरी तर पक्कीच हाये ना? मंग ताई दिवाळीपासून आपल्या घरी काहून राहून राहिली?"